पुठ्ठ्याची फौज

दिवाळीच्या दिवसांत गल्लीतील मुलांनी केलेले मातीचे किल्ले तुम्ही पाहिले असतील. किल्ल्यावर मातीचे मावळे उभे असतात. कोणी दरवाज्यात, कोणी तोफेजवळ. ते छान दिसतात, पण जागचे हलत नाहीत. आता विचार करा. हे सैनिक नियमाने चालू लागले, समोरून दुसरी फौज आली आणि दोन्ही बाजूंना एकेक सेनापती बसला तर?

असा खेळ जगात अनेक जण आवडीने खेळतात. ते टेबलावर टेकड्या, नद्या आणि जंगले मांडतात. जेमतेम इंचभर उंचीचे शिशाचे किंवा प्लास्टिकचे सैनिक रंगवून उभे करतात. फूटपट्टीने अंतर मोजून त्यांना चालवतात आणि फासा टाकून लढाईचा निकाल ठरवतात. ही कल्पना तशी जुनी आहे. बुद्धिबळ म्हणजेच शतरंज. तीही दोन फौजांची लढाईच नाही का? १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ वापरात आला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले.

महाग सैनिक नसले तरी हा खेळ खेळता येतो. पुठ्ठा, फूटपट्टी, फासा, मूठभर चिंचोके आणि खराट्याच्या काडीचे छोटे तुकडे एवढे सामान पुरे. आपण अर्सूफची लढाई मांडू.

ही लढाई ७ सप्टेंबर ११९१ रोजी झाली. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर अक्का आणि याफा ही दोन बंदरे आहेत. युरोपातून आलेल्या फौजेने अक्का जिंकले होते. त्या फौजेचा सेनापती होता इंग्लंडचा राजा रिचर्ड. २२ ऑगस्टला तो अक्क्याहून याफाकडे निघाला. वाटेत त्याला अडवायला सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीची फौज सज्ज होती.

सलाहुद्दीनच्या फौजेची खरी ताकद होती घोड्यावरचे तिरंदाज. त्यांचे धनुष्य आखूड, पण फार जोरकस असे. लाकूड, शिंग आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून ते बनवत. आखूड असल्यामुळे ते घोड्यावर बसून कोणत्याही बाजूला वळवता येई. स्वार दौडत यायचा, बाण सोडायचा आणि शत्रू जवळ येण्याआधीच मागे फिरायचा. त्याला पकडायला जावे तर तो दूर पळे. पाठलाग करणारा दमला, एकटा पडला, की तोच स्वार उलटा फिरे. मग त्याचे साथीदार चारी बाजूंनी गोळा होत.

आता मैदान आखू. जमिनीवर ९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद चौकट काढा. एका लांब बाजूला निळा कागद ठेवा. हा समुद्र. समोरच्या लांब बाजूला हिरवा कागद ठेवा. हे अर्सूफचे जंगल. डावीकडची आखूड बाजू म्हणजे रिचर्डची सुरुवात. उजवीकडची आखूड बाजू म्हणजे अर्सूफच्या बागा. रिचर्डला तिथे पोहोचायचे आहे.

पुठ्ठ्याच्या ४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद सोंगट्या कापा. रिचर्डला १२ सोंगट्या द्या : पायदळाच्या ६, चिलखती स्वारांच्या ४ आणि सामानाच्या २. सलाहुद्दीनला १३ सोंगट्या द्या : घोड्यावरच्या तिरंदाजांच्या १०, भारी स्वारांच्या २ आणि बाण लादलेल्या उंटाची १. रिचर्डच्या सोंगट्या तीन ओळींत लावा. समुद्राच्या बाजूला सामान, मध्ये स्वार आणि जंगलाच्या बाजूला पायदळ. खऱ्या लढाईतही हीच रचना होती. समुद्राकडून शत्रू येणार नव्हता. उलट, तिकडून रिचर्डचीच जहाजे रसद घेऊन बरोबर चालली होती.

एकदा रिचर्डने आणि एकदा सलाहुद्दीनने चालायचे, म्हणजे एक खेळी झाली. एकूण २० खेळ्या आहेत. तेवढ्यात रिचर्डच्या ८ सोंगट्या बागांत पोहोचल्या तर तो जिंकला. नाही पोहोचल्या तर सलाहुद्दीन जिंकला.

रिचर्डची रांग एका खेळीत ६ सेंटिमीटर चालते. तिरंदाज १८ सेंटिमीटर दौडतो. तो ९ सेंटिमीटर पुढे येऊन बाण मारू शकतो आणि त्याच खेळीत ९ सेंटिमीटर मागे जाऊ शकतो. बाण ८ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. बाण मारताना फासा टाका. ६ पडला तर बाण लागला. ज्याला लागला त्या सोंगटीवर एक चिंचोका ठेवा. दोन चिंचोके झाले की सोंगटी बाद. प्रत्येक तिरंदाजाजवळ काडीचे ५ तुकडे ठेवा. दर बाणाला एक तुकडा खर्च होतो. ते संपले की उंटाजवळ जाऊन, एक खेळी थांबून, नवे ५ घ्यायचे.

सहापैकी एकदाच बाण लागतो, हे तुम्हांला फार कमी वाटेल. पण त्याला आधार आहे. बहाउद्दीन इब्न शद्दाद नावाचा विद्वान सलाहुद्दीनच्या छावणीत होता. त्याने हा प्रवास डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. रिचर्डचे पायदळ जाड नमद्याचे अंगरखे आणि त्यांवर लोखंडी कड्यांचे चिलखत घालत असे. पाठीत दहा दहा बाण रुतलेले असतानाही सैनिक शांतपणे चालत असल्याचे त्याने पाहिले. घोड्यांना मात्र असे संरक्षण नव्हते. म्हणून पायदळाच्या आड नसलेल्या स्वारावर बाण मारला, तर ५ पडला तरी तो लागतो.

पायदळाजवळ क्रॉसबो नावाचे जड धनुष्य आहे. ते दूरवर मारते, पण ताणायला वेळ लागतो. म्हणून नियम असा : पायदळ त्या खेळीत ३ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी चालले असेल, तरच ते उत्तर देऊ शकते. तिरंदाजाने बाण मारला की त्याच्या सर्वांत जवळची, १० सेंटिमीटरच्या आतली पायदळाची सोंगटी लगेच फासा टाकते. ५ किंवा ६ पडला की तिरंदाजाला चिंचोका. एका खेळीत प्रत्येक सोंगटीने एकदाच उत्तर द्यायचे.

इथे रिचर्डची पहिली पंचाईत होते. रांग सतत ६ सेंटिमीटर चालली तर १५ खेळ्यांत बागा येतात, पण उत्तर देता येत नाही. सतत ३ सेंटिमीटर चालली तर उत्तर देता येते, पण ३० खेळ्या लागतात आणि तोवर खेळ संपतो. कधी चालायचे आणि कधी थबकायचे, हे सेनापतीने ठरवायचे. रांगेत फट मात्र पडू द्यायची नाही. एखादी सोंगटी सर्वांपासून सुटली, की सलाहुद्दीनचे भारी स्वार १२ सेंटिमीटर दौडून तिच्यावर तुटून पडतात. फाशावर ३ किंवा जास्त पडले की ती बाद.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. चिलखती स्वार एका खेळीत १६ सेंटिमीटरपर्यंत सरळ हल्ला करू शकतात. तिरंदाजाला त्यांनी गाठले आणि फाशावर ३ किंवा जास्त पडले की तो बाद. पण हल्ला ८ सेंटिमीटरपेक्षा लांबून सुरू झाला, तर तिरंदाज १८ सेंटिमीटर पळून सुटतो. दमलेला स्वार मग पुढच्या दोन खेळ्यांत फक्त ३ सेंटिमीटर चालतो. उघड्यावर, एकटा!

मग स्वारांनी हल्ला करायचाच नाही का? करायचा, पण तिरंदाज जवळ येऊन थांबेपर्यंत वाट पाहायची. तो कशाला थांबेल? कारण थांबलेल्याचा नेम चांगला लागतो. बाण मारून मागे न जाणाऱ्या तिरंदाजाला ५ पडला तरी चालते. म्हणजे मोह दोघांनाही आहे. एकाला पाठलागाचा मोह, दुसऱ्याला जवळ थांबण्याचा मोह. ज्याला तो आधी आवरत नाही, तो हरतो.

आणखी एक नियम ठेवा. ज्या स्वारावर चिंचोका आहे, त्याच्यासाठी दर खेळीत फासा टाका. १ पडला तर तो हुकमाची वाट न पाहता हल्ल्याला सुटतो. हा नियमही अर्सूफवरूनच घेतला आहे.

त्या दिवशी काय घडले ते पाहा. रांगेच्या शेवटी हॉस्पिटलर नावाच्या पंथाचे स्वार होते. बाणांचा सर्वांत जास्त मारा त्यांच्यावर झाला. डोळ्यांसमोर त्यांचे घोडे पडत होते. हल्ल्याची परवानगी द्या, असे त्यांनी रिचर्डला पुन्हा पुन्हा विनवले. रिचर्डने प्रत्येक वेळी थांबायला सांगितले. रांगेत तीन ठिकाणी दोन दोन कर्णे वाजले, की सर्वांनी मिळून हल्ला करायचा, असे ठरले होते. पण कर्णे वाजण्याआधीच मागचे दोन स्वार सुटले आणि त्यांच्यामागे सगळी तुकडी सुटली. रिचर्डने क्षणात ओळखले, की आता यांना एकटे सोडणे म्हणजे गमावणे. त्याने उरलेल्या स्वारांनाही हल्ल्याचा हुकूम दिला. सलाहुद्दीनचे सैनिक तेव्हा अगदी जवळ आले होते. त्यांना मागे फिरायला वेळ मिळाला नाही. ते मागे हटले तेव्हा रिचर्डने आपल्या स्वारांना जंगलापर्यंत धावू दिले नाही. त्याने त्यांना आवरले आणि पुन्हा रांग लावली. १० सप्टेंबरला त्याची फौज याफाला पोहोचली.

चार वर्षांपूर्वी हेच गणित उलटे सुटले होते. जुलै ११८७ मध्ये जेरुसलेमचा राजा गी याची फौज पाण्याचे झरे सोडून कडक उन्हात तिबेरियास शहराकडे निघाली. सलाहुद्दीनच्या तिरंदाजांनी तिला वाटेतच गाठले. तिच्या उजव्या हाताला समुद्र नव्हता, बरोबर जहाजे नव्हती, प्यायला पाणी नव्हते. सलाहुद्दीनजवळ मात्र उंटांवर लादलेला बाणांचा साठा होता. त्याच्या लोकांनी वाळलेले गवत पेटवले. धुराने आणि तहानेने पायदळ स्वारांपासून तुटले. ४ जुलैला हत्तीनच्या टेकडीजवळ ती फौज संपली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतले.

पाठलागाचा मोह आपल्या देशातील शूर सरदारांनाही पडला. १२९९ साली दिल्लीजवळ किली येथे अलाउद्दीन खलजीची मंगोलांशी लढाई झाली. मंगोल हेही घोड्यावरचे नावाजलेले तिरंदाज. खलजीचा सरदार जफर खान याने समोरच्या मंगोलांना पळवून लावले आणि त्यांचा दूरवर पाठलाग केला. मागून मदत आली नाही. परतीची वाट अडली होती. तो वेढला गेला आणि लढता लढता मारला गेला. धैर्य त्याच्याजवळ कमी नव्हते. पण तो रांगेपासून तुटला होता.

खेळून पाहाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल, की हे वाचायला सोपे आणि करायला कठीण आहे. समोर दोन तिरंदाज डिवचत असतात. आपल्या स्वारावर चिंचोका पडलेला असतो. हात आपोआप फूटपट्टीकडे जातो. पुठ्ठ्याची सोंगटी असूनही मन थांबत नाही. मग ज्यांचे घोडे खरेच पडत होते, त्यांचे काय झाले असेल?

एक डाव झाला की बाजू बदला. रिचर्ड झालेल्याने सलाहुद्दीन व्हावे. मगच तुम्हांला कळेल, की न डगमगता चालणारी रांग पलीकडून किती भक्कम दिसते. इब्न शद्दादने ती पलीकडूनच पाहिली होती. तो सलाहुद्दीनचा माणूस, समोरची फौज शत्रूची. तरीही तिच्या सैनिकांच्या सहनशक्तीचे त्याने मनापासून कौतुक केले. सोंगट्या डब्यात भरताना तुम्हीही समोरच्या मित्राची एक चांगली खेळी आठवा आणि त्याला ती सांगा.

शब्दार्थ
सोंगटी – खेळातील मोहरा
तिरंदाज – धनुष्यबाण चालवणारा
रसद – फौजेला लागणारे धान्य व सामान
नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड
पंचाईत – अडचण
डिवचणे – मुद्दाम चिडवणे

स्वाध्याय
१. रिचर्डने सामान समुद्राच्या बाजूला का ठेवले?
२. पायदळाने कमी अंतर चालल्यास कोणता फायदा आणि कोणता तोटा होतो?
३. अर्सूफ आणि हत्तीन येथील परिस्थितीत कोणते फरक होते? तीन फरक लिहा.
४. ‘जफर खानाजवळ धैर्य कमी नव्हते, पण तो रांगेपासून तुटला होता.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. हा खेळ मित्राबरोबर खेळा. एखादा नियम बदलावासा वाटला तर तो कोणता आणि का, ते पाच ओळींत लिहा.