पहिली क्यू घेताना : नक्षी पाहू नका, दांडा पाहा

मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावहून एका वाचक बंधूंनी आमच्याकडे विचारणा केली आहे. ते धंद्याने सुतार आहेत. शिक्षणासाठी शहरात राहिलेल्या त्यांच्या मुलाला पूल खेळण्याचा नाद लागला असून आता त्याला स्वतःची क्यू हवी आहे. मुलाने मोबाईलवर दोन-चार क्यूंची चित्रे दाखवली. एकीची किंमत दीड हजार, दुसरीची पंधरा हजार. आमचे बंधू विचारतात, “आम्ही जन्मभर लाकूड कापले. ही शेवटी एक काठीच ना? मग भावात एवढे अंतर कशाचे? आणि शिकाऊ मुलाला कोणती घेऊन द्यावी?”

प्रश्न खेळाच्या पानावरचा वाटेल, पण तो खरोखर माल पारखण्याचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही व्यापाराच्या पानावर देत आहोत. काही वाचकांची खेळाच्या साहित्याची दुकाने आहेत, काहींचे खरादीचे आणि चामड्याचे काम आहे. त्यांनाही यातून काही उपयोगाचे सापडेल.

हा खेळ परका समजण्याचे कारण नाही. पूलचा चुलत भाऊ स्नूकर हा सातपुड्यापलीकडच्या जबलपुरात १८७५ साली जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. मुंबईचे यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ साली आशियाई स्नूकर अजिंक्यपद मिळवले. तेव्हा मुलगा हा खेळ मन लावून शिकत असेल, तर त्याच्या हातात नीट हत्यार द्यावे, एवढाच मुद्दा उरतो.

आधी टेबल, मग क्यू

पहिली चूक येथेच होते. मुलगा ज्या टेबलावर खेळतो ते पूलचे आहे की स्नूकरचे, हे विचारल्याशिवाय क्यू मागवू नये. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा आणि वजनदार असतो, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा. म्हणून पूलच्या क्यूची टिप, म्हणजे टोकावरचे चामडे, साधारण १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते, तर स्नूकरची ९ ते १० मिलिमीटर. स्नूकरची बारीक क्यू पूलच्या जड चेंडूवर चालवली तर शिकाऊ मुलाचा फटका घसरतो आणि टिपही लवकर खराब होते. शिकताना १३ मिलिमीटरची टिप बरी. थोडी चूक ती सांभाळून घेते.

पूलची क्यू बहुधा ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर लांब असते. वजन अठरा ते एकवीस औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम. एकोणीस औंसाची, सुमारे ५४० ग्रॅमची क्यू बहुतेकांच्या हाताला बसते. तरी घाई नको. पार्लरमधल्या अनेक क्यूंवर मागच्या बाजूला औंसाचा आकडा छापलेला असतो. मुलाने महिनाभर वेगवेगळ्या वजनाच्या क्यू वापरून आपला आकडा ठरवावा आणि मगच खिशात हात घालावा.

पैसे कशाचे घेतात?

क्यूचे दोन भाग असतात. पुढचा निमुळता भाग तो शाफ्ट आणि मागचा जाड भाग तो बट. दोन्ही मध्ये आट्यांनी जोडले जातात. चेंडूला जे काही कळते ते शाफ्ट आणि टिपेकडूनच कळते. बटवर कितीही नक्षी असली तरी चेंडूला त्याची खबर नसते.

पूलच्या चांगल्या शाफ्टला मेपलचे लाकूड वापरतात. हे झाड थंड प्रदेशात सावकाश वाढते, म्हणून लाकूड घट्ट आणि लवचीक असते. स्नूकरसाठी अॅशचे लाकूड अधिक चालते. स्वस्त क्यू बऱ्याचदा रामीनच्या असतात. ते लाकूड वाईट नाही, पण मेपलइतके टिकाऊ नाही. महाग क्यूत दोन गोष्टींचे पैसे असतात. एक, सुकवून निवडलेले लाकूड आणि काटेकोर जोड. दुसरी, शोभा. पहिलीला पैसे द्यावेत, दुसरीला नाही. अलीकडे कार्बन फायबरचे शाफ्टही निघाले आहेत. ते वाकत नाहीत हे खरे, पण ज्याचा हातच अजून सरळ चालत नाही त्याला त्यांचा फायदा समजणार नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. पहिली क्यू दोन तुकड्यांची, मेपलच्या शाफ्टची, साध्या बटची आणि टिप बदलता येईल अशी घ्यावी. दीड हजाराची फार स्वस्त आणि पंधरा हजाराची फार लवकर.

पारख कशी करावी?

येथे आमचे सुतार बंधू दुकानदारालाही शिकवू शकतील. फळीची कड जशी एक डोळा मिटून पाहतात तशी जोडलेली क्यू बटकडून टिपेकडे पाहावी आणि हळूहळू फिरवावी. वाक असेल तर एका बाजूला दिसेल, दुसऱ्या बाजूला लपेल. नंतर ती सपाट टेबलावर अशी ठेवावी की शाफ्ट कडेच्या बाहेर राहील आणि बट टेबलावर लोळेल. लोळताना टिप वरखाली नाचली तर क्यूत वाक आहे. मग दोन्ही तुकडे वेगळे करून एकेक लोळवावा. दोन्ही सरळ निघाले तर दोष जोडात आहे. टेबल सपाट नसेल तर ही परीक्षा खोटी ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी पारख लाकडाच्या रेघांची. शाफ्टवरच्या रेघा टोकापर्यंत लांब आणि समांतर जायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर तेथून लाकूड पुढे वाकू शकते. हातोडीचा दांडा निवडताना आपण हेच पाहतो.

तिसरी जोडाची. दोन्ही भाग आवळल्यावर मध्ये प्रकाशाची रेघ दिसू नये. बटखाली रबर असते. ते रबर जमिनीवर हलके आपटून ऐकावे. खुळखुळ किंवा भणभण आवाज आला तर आत काही सैल आहे.

चौथी तोलाची. क्यू एका बोटावर तोलून पाहावी. बटच्या टोकापासून सुमारे अठरा-एकोणीस इंचांवर ती स्थिर राहावी. तोल फार पुढे गेला तर क्यूचे टोक जड वाटते.

आसेगावच्या माणसाला ही पारख दुकानात उभे राहून करायची तर अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. पार्सलने मागवायची असेल तर माल परत घेण्याची मुदत आधी वाचावी, पेटी उघडतानाच चित्रण करावे आणि वरील चारही परीक्षा त्याच दिवशी उरकाव्यात. परदेशी मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जेथे हे नाही आणि पावतीही देत नाहीत, तेथे स्वस्ताईला भुलू नये.

टिपेचे चामडे विचारून घ्या

ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. क्यूची टिप चामड्याची असते. जुन्या पद्धतीच्या एकसंध टिपा बहुधा गाय-म्हशीच्या कातड्याच्या असतात. पातळ पदर एकमेकांवर चिकटवून केलेल्या टिपांचे तसे नाही. मूरी आणि कामुई या जपानी टिपा डुकराच्या कातड्याच्या असतात आणि अशा पदरी टिपांत ते कातडे सर्रास वापरले जाते. महाग क्यूला अशी टिप कारखान्यातूनच लावलेली असू शकते. घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. तेव्हा विचारावे. उत्तर मिळाले नाही तर एकसंध टिप मागावी. शिकाऊला मध्यम कडकपणाची एकसंध टिप पुरते आणि ती स्वस्तही पडते. ज्या दुकानदाराला हा फरक सांगता येईल त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.

बरोबर काय घ्यावे, काय नको

खडू लागतोच. नाव खडू असले तरी तो शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले, तेव्हापासून त्यात सिलिकासारखी खरखरीत पूड असते. त्यामुळे टिप चेंडूवरून घसरत नाही. प्रत्येक फटक्याआधी तो हलक्या हाताने टिपेवर फिरवावा, खुपसून गरगर फिरवू नये.

दुसरी वस्तू टिपेला गोलावा देण्याची छोटी कानस. टिपेचा गोलावा साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतका हवा. नाणे शेजारी धरून पाहिले की कळते.

तिसरी वस्तू गवसणी किंवा पेटी. आपल्या वऱ्हाडात हिची गरज अधिक. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. जी ओल घराचे दार फुगवते तीच शाफ्टला वाकवते. क्यू भिंतीला टेकवून ठेवू नये, पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. खेळ झाला की कोरड्या मऊ कापडाने पुसून पेटीत ठेवावी. शाफ्टवर पॉलिशपेपर घासू नये. प्रत्येक घासणीत लाकूड कमी होते.

घाम फार येत असेल तर हातमोजा घ्यावा, पावडर नको. पावडरीने टेबलाचे कापड मळते आणि पार्लरवाला रागावतो. सुरुवातीच्या जोरदार फटक्यासाठी वेगळी क्यू, दुसरा शाफ्ट, खडू अडकवायची चुंबके, हे सारे पुढचे. जोरदार फटका पार्लरच्या क्यूने मारला तर आपली टिपही वाचते.

हिशेब असा मांडावा. शंभरातले सत्तर क्यूला आणि तीस बाकीच्याला. समजा पाच हजार ठरवले, तर साडेतीन हजारांपर्यंत क्यू, आठशे गवसणीला, चारशे खडू, कानस आणि कापडाला. उरलेले तीनशे पहिली टिप बदलण्यासाठी बाजूला ठेवावेत. ही मांडणीची रीत आहे, बाजारभाव नव्हे. पण सगळे पाच हजार क्यूवर घालून ती उघडी भिंतीला टेकवणारा एका पावसाळ्यात पैसे गमावतो.

कारागिरासाठी एक वाट

टिप झिजते, चेपते, निघते. ती बदलणे हे तासाभराचे काम आहे. जुनी टिप काढणे, खालच्या पांढऱ्या टोपीचे तोंड सपाट करणे, नवी चिकटवणे, सुकल्यावर कड शाफ्टच्या बरोबरीने उतरवणे आणि गोलावा देणे. ज्याच्या हाताला खराद आणि चामडे ओळखीचे आहे त्याला हे अवघड नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे काम करणारा सहसा नसतो, म्हणून मुले चांगली क्यू कोपऱ्यात टाकून देतात. केवळ यावर पोट भरेल असे आम्ही म्हणत नाही. पण जवळपासच्या चार पार्लरवाल्यांना सांगून ठेवले तर चालू धंद्याला जोड मिळते. आधी पार्लरच्या जुन्या क्यूवर हात बसवावा, मग गिऱ्हाइकाच्या क्यूला हात लावावा.

शेवटी एक गोष्ट बापाने मुलाशी बोलून घ्यावी. काही पार्लरमध्ये हरणाऱ्याने टेबलाचे सगळे भाडे भरायची रीत असते. आज भाडे, उद्या चहा-नाश्ता, परवा नोटा, अशी ती वाढत जाते. भाडे निम्मे-निम्मे भरायचे हे पहिल्या दिवशीच ठरवले की पुढची भानगड उरत नाही. क्यू सरळ असावी, तसाच टेबलावरचा हिशेबही.

आसेगावच्या आमच्या बंधूंना एवढेच सांगतो, की पंधरा हजारांचा मोह सोडा आणि दीड हजाराची घाईही सोडा. पार्सल आले की मुलाला शेजारी बसवा, एक डोळा मिटून कड कशी पाहतात ते त्याला दाखवा. क्यू जुनी होईल, पण ही नजर त्याला जन्मभर पुरेल.