पडद्याची राखण

पहाटे ५.४५
ठाणे खाडीतला कोळीवाडा. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा," मामा बोटांवर मोजतात. सहाला भरती पूर्ण, बाराच्या सुमाराला सुकती. भांगाचं पाणी, ओढ कमी. उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार होतो, तेव्हा गाळ रोखणारा पडदा टिकत नाही.

सकाळी ७.००
होडी पडद्याला लागते. वर फ्लोटांची माळ, खाली जाड कापडाची झालर, तळाला वजनाची साखळी. मामा एकेक शॅकल चाचपतात. एकाची पिन झिजलीय. नवी घालतात, वर तारेचा पीळ देतात. पूर्वी त्यांचं स्वतःचं जाळं होतं. आता रोजचे ९०० रुपये, डबा घरचा.

सकाळी ८.३०
बार्जवरचा पोकलेन गाळ उपसू लागतो. बकेट वर येते, कडांनी काळा रेंदा ओघळतो. पडद्याच्या आत पाणी दाट होत जातं. "कापड पाणी अडवत नाही," मामा म्हणतात. "गाळाला खाली बसायला वेळ देतं, एवढंच."

सकाळी १०.३०
पाणी उतरतंय. झालर तळाला टेकली तर चिखलात रुतेल आणि चढत्या पाण्यात फ्लोटच खाली ओढेल. मामा दोरी खेचतात, झालर गुंडाळत वर येते. तळापासून हातभर वर ठेवून गाठ मारतात. पुढची दोरी. पुन्हा गाठ. तळव्यांवर जुने घट्टे, त्यांत चिखल.

दुपारी १२.३०
सुपरवायझर गढूळपणा मोजायचा मीटर बुडवतो. आत २१०, बाहेर ४६. वहीत आकडे. मामा डबा उघडतात: तांदळाची भाकरी, सुकट. जेट्टीवरचा चहा १० रुपयांचा, तो उद्यावर.

दुपारी ३.००
भरतीबरोबर कचरा येतो. पिशव्या, नारळ, एक गादी. मामा आकड्याने ओढून काढतात. भार वाढला की फ्लोट दबतात, वरून गढूळ पाणी निसटतं. मग गाठी सोडून झालर परत खाली.

संध्याकाळी ५.००
पोकलेन थांबतो. हजेरी लागते. बार्ज बाहेर काढायला पडदा उघडायचा आहे. मामा मान हलवतात. आतला गाळ अजून तरंगतोय. खालच्या अंगाला भाच्याचं कोळंबीचं जाळं आहे.

संध्याकाळी ६.१५
भरती पूर्ण, पाणी थबकलेलं. मीटर पुन्हा बुडतो. आत ५८. मामा वाकून शॅकल सोडतात. हा सव्वा तास हजेरीत नाही.