पुण्यातली एफडी, रीडिंगमधलं घर

इंग्लंडमध्ये घर घ्यायचं तर बँक कर्ज देते, पण सुरुवातीची रक्कम आपली आपल्याला उभी करावी लागते. तिला तिथे डिपॉझिट म्हणतात. निदान 5 टक्के, बहुतेक वेळा 10. वर्क व्हिसावर असलेल्यांकडे काही बँका 25 टक्केही मागतात. 4 लाख पौंडांच्या घराला 10 टक्के म्हणजे 40 हजार पौंड. घरभाडं भरता भरता एवढी शिल्लक टाकायला नोकरदार जोडप्याची बरीच वर्षं जातात. मग पुण्या-नाशिकचे आई-बाबा म्हणतात, आमची एफडी मोडतो. मुलाला पैसे दिले, विषय संपला, असंच त्यांना वाटतं.

खरा विषय इथून पुढे सुरू होतो, आणि तो थक्क करणारा आहे.

इंग्लंडची बँक आई-बाबांकडून एका पानाचं पत्र मागते. देणाऱ्याचं नाव, नातं आणि रक्कम एवढं झालं की खाली दोन वाक्यं: हे पैसे परत घ्यायचे नाहीत, आणि या घरात आमचा कसलाही वाटा नाही. पहिल्या वाक्याचं कारण सरळ आहे. पैसे परत करायचे असतील तर ते कर्ज झालं, आणि मग मुलाला हप्ता झेपेल का याचा हिशोबच बदलतो. दुसऱ्या वाक्याचं मूळ मात्र अठराव्या शतकात आहे.

घराच्या किमतीत ज्याने पैसे घातले त्याचा घरात तेवढा वाटा धरायचा, कागदावर नाव कुणाचंही असो, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने 1788 साली डायर विरुद्ध डायर या खटल्यात स्पष्ट मांडलं. त्याला अपवाद होता: वडिलांनी मुलाला दिलं तर ती भेटच समजायची. आईचं काय? 1879 च्या एका निकालाने सांगितलं की हा अपवाद आईला लागू नाही. बापाचा पैसा भेट आणि आईचा पैसा कदाचित उसना! 2010 च्या समानता कायद्यात हे जुनं गृहीतक मोडीत काढणारं कलम आलं, पण ते अमलात आणलं गेलेलं नाही. आजची न्यायालयं या जुन्या गृहीतकाला फारसं वजन देत नाहीत, तरी पत्रावर सह्या दोघांच्याही लागतात. मला हे फार विलक्षण वाटतं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून आई ज्या कागदावर सही करते, त्याच्या पोटात दोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे.

बँकांना खरा धसका बसला तो 1980 मध्ये. बोलंड नावाच्या गृहस्थांच्या एकट्याच्या नावावर घर होतं, त्यांनी ते बँकेकडे गहाण टाकलं. कर्ज थकलं, बँक ताबा घ्यायला आली. पण घरखरेदीत पत्नीनेही पैसे घातले होते आणि ती त्याच घरात राहत होती. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की तिचा हक्क बँकेच्या आधी. आता नातवाला सांभाळायला येऊन मुक्काम करणारे आजी-आजोबा डोळ्यांपुढे आणा. पैसेही त्यांचे, राहणंही तिथेच. घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही बँक का मागते, ते यावरून कळेल.

आता इकडची बाजू. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2004 साली दिली, तेव्हा मर्यादा वर्षाला 25 हजार डॉलर होती. 2013 मध्ये रुपया घसरला तेव्हा ती 2 लाखांवरून एकदम 75 हजारांवर आणली गेली. 2015 पासून ती माणशी अडीच लाख डॉलर आहे, एप्रिल ते मार्च या वर्षाला. मुभा व्यक्तीला आहे, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्याला नाही. एकत्र कुटुंबाच्या पैशातून घर घेऊ पाहणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

शिवाय टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, आहे. वर्षाला 10 लाख रुपयांच्या वरच्या भेटीवर बँक 20 टक्के वेगळे वसूल करून सरकारकडे भरते. बाबांनी एकट्याने 50 लाख पाठवले तर 40 लाखांवर 8 लाख. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या पैशातून, आपापल्या पॅनवर 25-25 लाख पाठवले तर प्रत्येकी 3, म्हणजे 6 लाख. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण त्या दिवशी खात्यात तेवढी जास्तीची रक्कम हवीच.

मामाने हातभार लावला तर? आयकर कायद्याच्या व्याख्येत आई-वडिलांची भावंडं नातेवाईक आहेत, त्यामुळे मामाने भाच्याला दिलेल्या भेटीवर भारतात कर नाही. मामेभाऊ मात्र त्या यादीत नाही. त्याने वर्षात 50 हजारांहून जास्त दिले, तर घेणाऱ्याला कर लागू शकतो.

आणि पैसे जातात कसे? ते जातच नाहीत. पुण्यातले रुपये भारतातच राहतात. आपल्या बँकेचं इंग्लंडमधल्या बँकेत पौंडांचं खातं असतं, त्यातून तिकडे पैसे वळते होतात. समुद्रापार जातो तो फक्त बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेवरचा संदेश. पेशवाईत पुण्याच्या सावकाराने हुंडी लिहिली की काशीला रोख मिळायची. युक्ती तीच, आजही चालते.

शेवटी इंग्लंडमधला सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचं काम बघणारा वकील, विचारतो, आई-बाबांकडे हे पैसे आले कुठून? मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे त्याला हे विचारावंच लागतं. समजा सासवडचा प्लॉट विकला. मग खरेदीखत हवं, विक्रीची रक्कम जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट हवं, आणि सातबारा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. गट नंबर, भोगवटादार, पोटखराबा हे सगळं इंग्रजीत उतरून इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या सॉलिसिटरच्या टेबलावर जातं. विक्रीतली काही रक्कम रोखीत घेतली असेल तर पुराव्यांची साखळी तिथेच तुटते, आणि मग मुलाचं घर हातचं जाऊ शकतं.

म्हणून ज्यांची मुलं तिकडे घर बघत आहेत त्यांना कळकळीने सांगतो: घर पसंत पडायची वाट बघू नका. बँक परदेशातून आलेली भेट चालवून घेते का, हे मुलाला अर्जाआधीच विचारायला सांगा. पैसे मित्रांच्या, चुलत्यांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्याने फिरवू नका, स्वतःच्या खात्यातून थेट पाठवा. आणि एफडी मोडल्याची पावती जपून ठेवा.