मनाचा माग (लेखांक ९) : वाकून पाहणारं माकड

गेल्या आठवड्यात आपण नातुआ या डॉल्फिनपाशी थांबलो होतो. दोन स्वरांमधला फरक फार बारीक झाला की नातुआ तिसरं पॅडल दाबून तो प्रश्न सोडून द्यायचा. डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा हा प्रयोग गाजला, पण एक शंका उरलीच. विशिष्ट प्रकारचा आवाज आला की तिसरं पॅडल दाबायचं, एवढंच तो शिकला असेल तर? त्यासाठी 'मला हे कळत नाहीये' अशी जाणीव असायला हवीच असं नाही. मानसशास्त्रात या जाणिवेला मेटाकॉग्निशन म्हणतात. ती माणसाखेरीज आणखी कुणाला आहे का, हे ठरवायचं तर ही शंका आधी निकालात काढायला हवी होती. माकडांनी त्यात मोठी मदत केली.

रॉबर्ट हॅम्पटन यांनी २००१ साली ऱ्हीसस माकडांची परीक्षा घेतली. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातलं, वृंदावनात लोकांचे चष्मे पळवणारं माकड. माकडाला स्पर्शपडद्यावर एक चित्र दिसायचं, मग पडदा काही काळ कोरा राहायचा. नंतर चार चित्रांतून आधीचं चित्र ओळखायचं. उत्तर बरोबर आलं तर शेंगदाणा, चुकलं तर काहीच नाही. बहुतेक फेऱ्यांमध्ये मात्र ही चार चित्रं येण्यापूर्वी माकडाला विचारलं जायचं : परीक्षा देणार की नाही? 'नाही' म्हटलं तर साध्या खाद्याची एक गोळी हमखास मिळायची. ती माकडांना शेंगदाण्याइतकी आवडत नाही, पण उपाशी राहण्यापेक्षा बरी. चुकलेल्या उत्तराला गुण कापणारी प्रवेश परीक्षा देणारी आपली मुलं हाच हिशेब करतात.

निर्णय घ्यायच्या वेळी समोर चित्रं नसायची, ही या प्रयोगातली खरी खुबी. 'प्रश्न अवघड दिसतोय' असं म्हणायला समोर प्रश्नच नव्हता. आठवतंय की नाही, हे माकडाला स्वतःच्या आतच तपासावं लागत होतं. मध्ये बराच वेळ गेला की माकडं जास्त वेळा नकार द्यायची. स्वतः होऊन दिलेल्या परीक्षेत त्यांची उत्तरं सक्तीच्या परीक्षेपेक्षा जास्त बरोबर यायची. हॅम्पटन यांनी काही वेळा सुरुवातीचं चित्र दाखवलंच नाही. लक्षात ठेवण्याजोगं काही नव्हतंच, आणि तेव्हा माकडांनी परीक्षा टाळली.

आठवण आणि आठवणीची जाणीव या मेंदूत वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे टोकियो विद्यापीठात केंतारो मियामोतो आणि यासुशी मियाशिता यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं. माकडाच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं एक छोटं क्षेत्र औषधानं तात्पुरतं बंद केलं, तर आठवण शाबूत राहायची, पण त्या आठवणीवर भरवसा ठेवावा की नाही, हा अंदाज बिघडायचा.

परीक्षा टाळणं ही झाली एक बाजू. कळत नाहीये हे ज्याला उमगलं, तो खरं तर माहिती काढायला निघतो. हॅम्पटन, झिविन आणि मरे यांनी २००४ साली हेच पाहिलं. माकडासमोर चार अपारदर्शक नळ्या, त्यातल्या एकीत खाऊ. कधी खाऊ ठेवताना माकडाला दिसायचं, कधी नाही. निवडण्याची संधी एकच. नऊपैकी सात माकडांनी रीत पकडली : पाहिलेलं असेल तर थेट ती नळी, पाहिलेलं नसेल तर आधी खाली वाकून नळ्यांमधून डोकवायचं, मग हात घालायचा.

आता कुणी म्हणेल, माकडाची जातच चौकस, दिसेल त्यात डोकावणार. हा आक्षेप पोकळ नाही. जपानमध्ये कापुचिन माकडांवर असाच प्रयोग २००६ साली झाला. ही माकडं पारदर्शक नळ्यांतही डोकावत राहिली. एक नळी अशी वाकवलेली होती की आतलं काही दिसणंच शक्य नव्हतं, तरी तिच्यातही वाकून पाहत राहिली. नुसतं वाकून पाहणं हा अज्ञानाच्या जाणिवेचा पुरावा होत नाही, हे इथे स्पष्ट झालं. गरज असेल तेव्हाच पाहणं आणि गरज नसेल तेव्हा न पाहणं, दोन्ही दिसायला हवं.

मला सर्वांत पटलेला पुरावा पिंजऱ्यातल्या माकडांचा नाही. पोर्टो रिकोजवळ कायो सांतियागो नावाचं छोटं बेट आहे. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून जहाजानं चारशेच्या आसपास ऱ्हीसस माकडं नेऊन तिथे मोकळी सोडली. आजची बेटावरची माकडं ही त्यांचेच वंशज. अलेक्झांड्रा रोझाती आणि लॉरी सँटोस यांनी २०१६ साली त्यांच्यापैकी १२० माकडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक माकडाला एकच संधी होती. शिकवणी नाही, सराव नाही, चुकून सुधारायला वाव नाही. माणूस नळ्यांच्या मांडणीत दोनपैकी एका जागी खाऊ लपवताना दिसला असेल, तर माकडं बहुधा योग्य जागी गेली. मध्ये आडोसा आला असेल, तर ती मधल्या जागी जाऊन डोकावली, कारण तिथून दोन्ही जागा तपासता येत होत्या. आणि डोकावून काही कळण्यासारखं नव्हतं तिथे, कापुचिनांसारखं न करता, क्वचितच मध्यावर गेली.

अर्थात, त्या क्षणी माकडाला आत काय वाटतं, हे कुठलीच नळी सांगत नाही. शंका त्याला आपल्यासारखी टोचत असेल किंवा नसेलही. पण 'सवयीनं केलं' हे उत्तर इथे चालत नाही, कारण सवय लागायला दुसरी वेळ आलीच नाही.

माणसाच्या बोलता न येणाऱ्या बाळाला आपल्याला काय कळत नाही हे उमगतं का, आणि ते आईकडे वळून मदत मागतं ते नेमकं केव्हा, हे पुढच्या लेखांकात पाहू. पॅरिसमधल्या संशोधकांनी वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगापासून सुरुवात करू.