स्लॅबवरची बाग आणि उद्यानविद्येचं करिअर

हिंजवडीतल्या झाडांना वाली कोण, हे आधी समजून घ्यावं लागतं. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे उद्यान विभाग आहे आणि १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणही. हिंजवडी मात्र वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या कारभारात. आयटी पार्क एमआयडीसीचा, भोवतालचं नियोजन २०१५पासून पीएमआरडीएकडे. त्यामुळे इथली बरीचशी हिरवाई कंपन्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, सापडते. ती सांभाळतात कंत्राटदार. उद्यानविद्या शिकलेल्या मुलामुलींना काम मिळतं ते या खासगी बागांमध्ये.

शिक्षणासाठी लांब जायला नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी पुण्यातच घेता येते, सीईटी देऊन. पुढे एम.एस्सी.ला फुलशेती आणि लँडस्केपिंग हा विषय निवडता येतो. तळेगाव दाभाड्याला कृषी पणन मंडळाचं हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे. आराखडे काढण्याची ओढ असेल, तर वास्तुकलेची पदवी घेऊन भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केप आर्किटेक्चर करावं. फक्त एक लक्षात ठेवावं : आर्किटेक्ट बाग कागदावर उभी करतो, ती दहा वर्षं जगवायची असते उद्यानतज्ज्ञाला.

आपली उद्यानविद्येची पदवी घडली ती द्राक्ष, डाळिंब, आंबा यांच्याभोवती, आणि ते योग्यच होतं. रोजगार हमीशी जोडलेल्या १९९०च्या फळबाग योजनेने राज्यात फळबागा वाढल्या. त्यांना माणसं हवीच होती. पण पोडियमखाली जमीन नसते, पार्किंग असतं. ओल्या मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टन भरतो. म्हणजे फूटभर थराचं ओझं चौरस मीटरला साडेचारशे ते सहाशे किलो! म्हणून मातीत कोकोपीट मिसळून ती हलकी करतात. खाली वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारा थर, निचऱ्याचे प्लास्टिक सेल, त्यावर जिओटेक्स्टाइल. यातला निचरा तुंबला की मुळं कुजतात, आणि पाणी पार्किंगमध्ये ठिबकायला लागलं की सोसायटीची कमिटी अख्खी बाग उकरायला लावते.

दुसरी परीक्षा पाण्याची. बागेला बहुधा एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी मिळतं. त्यात क्षार जास्त असले की पानांच्या कडा आधी तांबूस होतात, मग करपतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. तो तेच पाणी आणखी सोडतो आणि मातीत क्षार साठत जातात. अशा वेळी ईसी मीटरने पाण्यातले क्षार मोजायचे, निचरा मोकळा करायचा आणि अधूनमधून गोडं पाणी भरपूर देऊन क्षार धुऊन काढायचे. एवढं ज्याला येतं, त्याला हिंजवडीत काम कमी पडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

रोपांची निवडही इथेच चुकते. झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस लावला जातो. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पोडियमवर कुंती, तगर, अनंत लावावेत आणि खऱ्या जमिनीत बहावा, तामण.

२०१६च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. त्यातून खत होतं, पण ते नीट कुजलेलं आहे का, हे कळणारा माणूस हवा. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कॅटरिंग अधिकारी असताना प्रीती पाटील यांनी प्रयोगशील शेतीचे पुरस्कर्ते श्री. अ. दाभोलकर यांच्या विचारातून स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर तिथल्या गच्चीत बाग फुलवली, तीही उद्यानविद्येची पदवी नसताना. पदवीधरांनी त्यांच्याकडून शिकावं.

आणि माळ्याकडूनही. कात्री कुठे लावायची, पिठ्या ढेकूण आधी कुठल्या फांदीवर दिसतो, हे त्याला ठाऊक असतं. त्याचा पगार मात्र कंत्राटात सगळ्यात आधी कापला जातो, हे मला सहन होत नाही. सुपरवायझर म्हणून सही करणाऱ्याने तो आकडा वाढवून मागावा.

मुलाखतीला जाल तेव्हा दोन कागद मागा : स्लॅब किती वजन पेलतो त्याचा दाखला आणि एसटीपीच्या पाण्याचा ताजा अहवाल. नसतील, तर ते करून घेणं हेच पहिल्या महिन्याचं काम.