कोरा कागद आणि बुद्धाचे मौन

‘गूढवाद’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. अंगात येणे, भविष्य सांगणे, हवेतून अंगारा काढणे, या साऱ्यांनाच लोक गूढ म्हणतात. तत्त्वज्ञानात मात्र त्याचा अर्थ नेमका आहे. अंतिम सत्याचा प्रत्यय इंद्रिये व तर्क यांच्या पलीकडे, साक्षात अनुभवाने येतो आणि तो अनुभव शब्दांत पुरता मावत नाही, असे मानणारी विचारसरणी म्हणजे गूढवाद. गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांवर १९३३ साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हाच अर्थ धरला आहे.

पण जे सांगता येत नाही त्याविषयी ज्ञानीही गप्प आणि अज्ञानीही गप्प, तर दोघांतला फरक ओळखावा कसा? शिवाय हिंदू साधकाचे मौन आणि बुद्धाचे मौन एकच आहे काय? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आपणां खानदेशवासीयांना फार दूर जावे लागत नाही.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे आणि त्याच परिसरात, मुक्ताईनगर तालुक्यात, मुक्ताबाईचे स्थान आहे. शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) मुक्ताबाई येथेच विजेच्या लोळात अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. योगी चांगदेवाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना कोणता घालावा, हे त्याला कळेना. वयाने पाहावे तर ‘चिरंजीव’, अधिकाराने पाहावे तर ‘तीर्थरूप’! अखेर त्याने कोराच कागद पाठविला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच ‘चांगदेव पासष्टी’. पाण्याचा ठाव घ्यायला गेलेले मीठ स्वतःच विरघळते, मग माप कोण घेणार, असा त्यातील एका दृष्टान्ताचा आशय आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे असे दोन उरतच नाहीत, म्हणून वाणी थांबते. म्हणजे चांगदेवाचा कोरेपणा लहान-मोठेपणाच्या गुंत्यातून आला होता, तर ज्ञानदेवांच्या ठायी जेथे शब्द थांबतात तेथे लहान-मोठे हा भेदच संपला आहे. दोन्हीकडे शब्द नाहीत. पण कारणे अगदी निराळी आहेत.

आता बुद्धाकडे वळू. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले, “आत्मा आहे काय?” बुद्ध गप्प राहिला. “मग आत्मा नाही काय?” तरीही तो गप्पच. वच्छगोत्त निघून गेल्यावर बुद्धाने आनंदाला खुलासा केला. ‘आहे’ म्हणावे तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे होते, ‘नाही’ म्हणावे तर उच्छेदवाद्यांची. आणि आधीच गोंधळलेला तो मनुष्य अधिकच गोंधळला असता. जग शाश्वत की अशाश्वत, असे प्रश्न बुद्धाने बाजूस ठेवले, त्याचेही कारण असेच आहे. विषारी बाण रुतलेल्याने बाण मारणाऱ्याचे कुळ विचारीत बसू नये, आधी बाण काढावा. अजिंठ्याच्या विहारांतील भिक्षूंच्या अरुंद खोल्या पाहताना मला हा दृष्टान्त नेहमी आठवतो. तेथे वादसभेला जागा नाही. एका माणसाने स्वतःच्या दुःखाशी झुंजावे एवढीच जागा आहे.

दोन्ही मौने पाहिली की ‘सगळे एकच’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्याला थोडा आधारही आहे. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा नाथपंथाची आहे आणि तिबेटी बौद्धांच्या चौऱ्याऐंशी सिद्धांत गोरक्षाचेही नाव आहे. ‘शून्य’ हा शब्द दोन्हीकडे आढळतो. गीतेतही ‘ब्रह्मनिर्वाण’ आहे. तरीही मला हे समीकरण मान्य नाही. अद्वैती गप्प बसतो, कारण आत्मा परिपूर्ण आहे आणि त्याला दुसरे कोणी नाही. बौद्ध गप्प बसतो, कारण धरून ठेवावा असा आत्माच सापडत नाही. नागार्जुनाचे ‘शून्य’ म्हणजे पोकळी नव्हे, तसेच ते ब्रह्माचे दुसरे नावही नव्हे. प्रत्येक वस्तू इतरांवर अवलंबून उत्पन्न होते, तिला स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. वेदान्ताच्या त्या अभ्यासपीठात तरुणपणी राहिलेल्या टी. आर. व्ही. मूर्ती यांनी पुढे १९५५ साली माध्यमिक बौद्ध मतावर मोठा ग्रंथ लिहिला. मूर्तींनी शून्यवादाला वेदान्ताचा रंग दिला, असा आक्षेप त्यावर काही अभ्यासकांनी घेतला. एवढ्या थोर पंडिताच्या बाबतीत ही शंका निघते, तर आपण किती सावध असावे!

हा केवळ पुस्तकी वाद नाही. १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानत नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात आत्म्याला स्थान नाही. आपल्या वर्गात वारकऱ्यांची मुले आहेत, तशी बौद्ध घरांतलीही आहेत. ‘शेवटी सगळे एकच’ हे वाक्य बोलणाऱ्याला उदार वाटते. ऐकणाऱ्याला मात्र त्यात आपले वेगळेपण पुसले गेल्याची खंत वाटू शकते. खरा आदर भेद समजून घेण्यात आहे.

मग मौनाची पारख कशाने करावी? येथे मात्र दोन्ही परंपरा जवळ येतात. दोघींचीही कसोटी आचरण हीच आहे. गीतेतील अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी विचारतो तो प्रश्न, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तेव्हा श्रोते होते सत्याग्रही कैदी. बौद्ध परंपरेत प्रज्ञेबरोबर करुणा सांगितली आहे, तीही याच अर्थाने. ज्या मौनातून अहंकार वितळून माणूस अधिक प्रेमळ होतो, ते मौन भरलेले. ज्यातून केवळ दबदबा वाढतो, तो चांगदेवाचा कोरा कागद. चमत्कारांची कीर्ती घेऊन आलेला तो योगी अखेर एका लहान मुलीचा शिष्य झाला, हा त्याच्या साऱ्या चमत्कारांहून मोठा चमत्कार मला वाटतो.