गच्चीचें ऊन आणि विजेचें बिल

उन्हाळ्यांत सूर्य मावळला तरी वरच्या मजल्यावरील खोली निवत नाही, याचें मुख्य कारण डोक्यावरील सिमेंटचा स्लॅब होय. दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्रीं खोलींत सोडतो. वातानुकूलन यंत्राचे पुष्कळसे श्रम, म्हणजेच गृहस्थाचा पैसा, तिच्याशीं झगडण्यांत खर्चीं पडतो. खानदेशांतील धाब्याच्या घरांस ही पीडा कमी. कारण छपरावरील मातीचा जाड थर उष्णतेस सावकाश आंत येऊं देई.

२०१८ सालच्या ‘इको-निवास संहिते’नें निवासी इमारतींच्या छपरांस मर्यादा आंखून दिली: आंतबाहेरील तपमानांत एक अंशाचा फरक असतां दर चौरस मीटरमागें जास्तींत जास्त १.२ वॅट उष्णता शिरावी. उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक शिरते.

जुन्या घरास उपाय दोन. गच्चीस पांढरा चुना देणें हा स्वस्त उपाय; तो उन्हाचा बराच भाग परतवितो, परंतु दर उन्हाळ्यापूर्वीं पुन्हां द्यावा लागतो. टिकाऊ उपाय म्हणजे उष्णतारोधक थर. तो स्लॅबच्या वर बसवावा, म्हणजे मुळांत स्लॅबच फारसा तापत नाही. मोठें यंत्र घेण्यापूर्वीं गच्चीकडे लक्ष देणाऱ्या कुटुंबाचें बिल उतरतें. आणि घरांतील वृद्धांस व बालकांस वीज गेली असतांही सुखाची झोप लाभते.